हॅलबर्ट कार्डिनलचं उजवं दार

मर्ल टिडवेलला आयुष्यात दोनच गोष्टी धड जमल्या, असं त्याची बायको आर्डिथ चारचौघांत सांगायची. एक म्हणजे लोकांच्या वाकड्या नाकांवर सरळ चष्मे बसवणं आणि दुसरी म्हणजे हॅलबर्ट कार्डिनल या गाडीचं उजवं दार. पहिल्यावर दोघांचा संसार झाला, मुली शिकल्या, चष्म्याचं दुकान विकून हातात थोडा पैसाही आला. दुसऱ्यापायी मात्र एक अख्खा उन्हाळा वाया गेला. त्या उन्हाळ्याचीच ही हकिकत आहे.

हॅलबर्ट ही इंडियानातल्या लाँगफर्ड गावची कंपनी. आधी ती दुधातून साय काढायची यंत्रं करायची, मग कोंबडीची अंडी उबवायच्या पेट्या आणि युद्धानंतर फायबरग्लासच्या होड्या. एवढ्यावर थांबली असती तर आजही चालली असती. पण थोरल्या हॅलबर्टचा मुलगा युद्धावरून परत आला तो डोक्यात दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेऊनच. होडी फायबरग्लासची होते तर गाडी का नाही, असा त्याचा सवाल होता. बापानं हात टेकले, आणि डेट्रॉइटच्या बड्या धेंडांच्या नाकावर टिच्चून लाँगफर्डच्या कारखान्यातून लालभडक कार्डिनल निघू लागल्या. तीन वर्षं निघाल्या, मग कंपनीनं गाशा गुंडाळला. दिसायला मात्र अशी देखणी गाडी त्या काळात दुसरी नव्हती. हे मर्लचं मत, आणि त्याच्यापुढे दुसरं मत मांडायची सोय नव्हती.

मर्लनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो कॉलेजात होता आणि खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे होते. मिळाली ती थेट निवृत्तीच्या तोंडावर, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. सीटवर कोंबड्या बसलेल्या, इंजिनात उंदरांची घरटी. आर्डिथनं नाकाला रुमाल लावून गाडीला एक फेरी घातली.

"मर्ल, यात कोंबड्या सुखात आहेत. त्यांना उठवायचं पाप कशाला करतोस?"

"आतलं हाड शाबूत आहे गं."

"तुझंही आहे. म्हणून मी तुला लाल रंग देत बसले का?"

पण गाडी आली. गाडीमागून कंपनीही घरात शिरली. कार्डिनलच्या जाहिराती जमवता जमवता मर्ल हॅलबर्टच्या होडीची वल्ही घेऊन आला, मग अंडी उबवायची पेटी, मग साय काढायचं यंत्र, तेही एक सोडून दोन. दर शनिवारी तो लाँगफर्डच्या वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं चाळायचा आणि संध्याकाळी जेवताना थोरल्या हॅलबर्टचं धाकट्याशी कशावरून बिनसलं ते आर्डिथला असं सांगायचा, जणू दोघं शेजारीच राहत होते.

"कंपनी वेळेवर बुडाली ते बरं झालं," आर्डिथ म्हणायची. "अजून दहा वर्षं चालली असती तर मला झोपायला अंगणात जावं लागलं असतं."

बोलायची खरी, पण तिलाही गोडी लागली होती. तिनं चाळीस वर्षं गावातल्या मुलांना पियानो शिकवला. मग संधिवातानं बोटांची पेरं सुजली, मनगटं धरली, आणि पियानोवर झाकण पडलं ते पडलंच. त्या दिवसांत ती फार चिडचिडी झाली होती. बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून तिला रडू यायचं आणि रडू येतं म्हणून राग यायचा. गॅरेजमध्ये मर्लचं काम चालायचं तेव्हा ती तिथे खुर्ची टाकून बसायची, चुका काढायची, त्यात तिचा जीव रमायचा. आठ वर्षांत गाडीचा एकेक भाग तिच्या देखरेखीखालीच उभा राहिला.

उजवं, म्हणजे तिकडे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याचं दार शेवटचं. कार्डिनलचं उजवं दार म्हणजे दंतकथाच होती. बॉडी एका शेडमध्ये ओतायची, दारं दुसऱ्या शेडमध्ये, आणि दोन्हीकडचे साचे कधी जुळलेच नाहीत. डावं दार कसंबसं बसायचं, उजवं नाहीच. बाहेरून ते कमरेनं ढुशी मारून लावायचं आणि आतून दोन्ही हातांनी ओढून घ्यायचं. कार्डिनलवाल्यांच्या क्लबात ‘हॅलबर्टची ढुशी’ प्रसिद्ध होती. माणसं एकमेकांना भेटली की आधी ढुशी मारून दाखवायची, मग नमस्कार-चमत्कार.

मर्लला हे ठाऊक होतं. पण उभा जन्म ज्यानं चष्म्याची दांडी केसभर वाकडी राहू दिली नाही, त्याच्या हाताला वाकडं दार कसं सोसवणार? सबंध हिवाळा तो त्या दारापाठी लागला. बिजागऱ्या नव्यानं घडवल्या, कडा घासल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा घासल्या. मार्चमध्ये एका दुपारी त्यानं आर्डिथला हाक मारली. तिनं सुजलेलं बोट दाराला नुसतं टेकवलं आणि दार अलगद आत जाऊन बसलं, आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

तिनं दार पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. असं पाच-सहा वेळा केलं. मग आत बसली, आतून लावून घेतलं आणि म्हणाली, "माझी कॉफी इकडेच आण."

त्या दिवसापासून तिची दुपारची कॉफी गाडीतच होऊ लागली. गाडी गॅरेजमध्येच उभी, समोर भिंतीवर टांगलेली अवजारं, आणि बाईसाहेब सागरकिनारी चालल्यासारख्या ऐटीत बसलेल्या. मर्लला ते बघून फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत आपण तिच्यासाठी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं त्याला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

मे महिन्यात हिल्डा व्हॅन झांट आली. हिल्डा क्लबची मुख्य परीक्षक. घरी गाईगुरांचा मोठा कारभार, अंगानं भक्कम, बोलणं रोखठोक. ऑगस्टमध्ये लाँगफर्डला कार्डिनलवाल्यांचा मेळावा भरायचा, त्यात गाड्यांना गुण मिळायचे. सगळे गुण पटकावणाऱ्या गाडीला निळी फीत मिळायची, डॅशबोर्डवर पितळी पट्टी लागायची आणि मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे राहायची. गेली तीन वर्षं हा मान वेंडेल स्टाउटकडे होता. वेंडेल आणि मर्ल जुने मित्र, म्हणजे एकमेकांना पाण्यात पाहणारे. यंदा मर्ल फीत नेणार असं सगळा क्लब म्हणत होता, म्हणून हिल्डा मुद्दाम वाट वाकडी करून गाडी बघायला आली होती.

तिनं गुडघे टेकून गाडीचं पोट पाहिलं, इंजिन पाहिलं, स्क्रूंची डोकीसुद्धा पाहिली. मान डोलत राहिली. मग तिनं उजवं दार लावायला सवयीनं कंबर पुढे केली, दार भस्सकन आत गेलं आणि हिल्डा पडता पडता वाचली.

"मर्ल! हे काय करून ठेवलंस?"

"दार बसवलं."

"बसवलंस! तेच म्हणते मी. हॅलबर्टनं कधी एक तरी दार असं बसवलं होतं का?"

"नाही, पण..."

"पण नाही नि बिण नाही. गाडी कारखान्यातून निघाली तश्शी पाहिजे. वाईट केलं तर गुण जातात तसे चांगलं केलं तरी जातात. या दारावर फीत विसर बाबा."

आर्डिथला हसू आवरेना. "म्हणजे हिल्डा, यानं काम बिघडवलं तर बक्षीस?"

"बरोबर बिघडवलं तर," हिल्डा गंभीरपणे म्हणाली.

तीन दिवस मर्लनं गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी तो लाँगफर्डच्या वाचनालयात जाऊन बसला. आता त्याला कारखान्याचा इतिहास एकाच गोष्टीसाठी हवा होता: ते दार नेमकं कसं बिघडायचं? लाँगफर्डमध्ये कारखान्यातली चार जुनी माणसं अजून हिंडत-फिरत होती, पण त्यांना विचारावं असं क्लबात कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. क्लबात मान फोटोला आणि छापील कागदाला. मर्लला एक फोटो सापडला. शेडमध्ये गाडी उभी, शेजारी एक कामगार पाठमोरा, गुडघा दारावर रोवलेला, हातात लाकडी दांडका. गुडघा कुठे टेकला होता ते मर्लनं भिंगानं पाहिलं.

मग सुरू झाली बिघडवणूक. चांगल्या बिजागऱ्या काढून त्यानं बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आणि दुसरी जोडी लावून ती वाकेपर्यंत दारावर गुडघा रोवला. पहिल्यांदा दार जास्तच बिघडलं, मग पुरेसं बिघडेना. ज्या हातानं सरळ करायचं तेवढंच शिकलं होतं त्याला वाकडं करताना घाम फुटला. जुलै संपता संपता जमलं. वर कडेला बोट जाईल एवढी फट, खाली दार बॉडीला घासणारं, आणि कमरेची सणसणीत ढुशी मारल्याशिवाय लागायचं नाव नाही.

"आहा!" मर्ल म्हणाला. "ऐकलास आवाज? अस्सल हॅलबर्ट!"

आर्डिथनं दाराची मूठ धरून पाहिली. दार हललं नाही. तिनं दुसरा हात लावला, मग दोन्ही हात काढून घेतले.

"तू उघडून देत जा म्हणजे झालं," ती म्हणाली.

"देईन की. मी कुठे पळून चाललोय?"

कॉफी पुन्हा स्वयंपाकघरात आली. मर्लच्या लक्षात आलं, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही. त्यानं आणखी एक गोष्ट तिला सांगितली नव्हती. पितळी पट्टी लागली की गाडी कायमची तशीच ठेवायची असा क्लबचा नियम होता. दर वर्षी तपासणी व्हायची, आणि काही बदललेलं दिसलं की पट्टी काढून घ्यायचे. मेळावा झाला की चांगल्या बिजागऱ्या परत बसतील असं आर्डिथ धरून चालली होती. मर्ल तिला तसं धरून चालू देत होता.

मेळाव्याच्या दिवशी लाँगफर्डच्या जत्रेच्या मैदानावर लाल गाड्यांची रांग लागली. एकीकडे थाळीएवढे डुकराच्या मांसाचे वडे तळले जात होते, ते छोट्याशा पावात घालून माणसं चारी बाजूंनी कुरतडत हिंडत होती. उकडलेली कणसं, लिंबाचं सरबत, चर्चच्या बायकांनी आणलेला, साखर-साय भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ. वेंडेल स्टाउट आपल्या गाडीची चाकं दात घासायच्या ब्रशनं घासत होता.

"मर्ल, ऐकलं तुझं दार फार चांगलं होतं म्हणे," वेंडेल म्हणाला. "काळजी घे, सवय वाईट."

"तुझ्या गाडीत तर दार सोडून बाकी सगळंच कारखान्यापेक्षा चांगलं आहे, तुझं काय होणार?"

दुपारी हिल्डा मर्लच्या गाडीपाशी आली. इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. सगळे गुण मिळाले. माणसं भोवती गोळा झाली. उजव्या दाराला हिल्डानं स्वतः ढुशी मारली आणि समाधानानं हुंकार दिला.

"आता शेवटचं. कुणीतरी बसून आतून लावा. आवाज ऐकायचाय."

"बायको बसते ना नेहमी," वेंडेल म्हणाला.

मर्लनं दार उघडून दिलं. आर्डिथ आपला निळा झगा सावरत आत बसली. तिनं दाराची मूठ धरली आणि ओढली. दार अर्ध्यावर अडकलं. तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवले आणि ओढलं. काही झालं नाही. तिसऱ्यांदा ओढताना तिच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला, आणि तो लपवायला ती लगेच मोठ्यानं हसली.

"बघा! आतून लागतच नाही! हे खरं कारखान्याचं काम. हिल्डा, द्या पूर्ण गुण!"

सगळे हसले, टाळ्यासुद्धा पडल्या. हिल्डा हसत हसत मर्लकडे वळली. मर्ल मात्र आर्डिथकडे बघत होता. तिनं दोन्ही हात मांडीवरच्या झग्यात लपवले होते आणि ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. पियानोचं झाकण लावलं त्या दिवशी ती अशीच बसली होती. मर्लला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. आठ वर्षं खपून आपण या बाईसाठी एक दार उघडलं आणि एका फितीसाठी ते स्वतःच्या गुडघ्यानं तिच्या तोंडावर लावलं.

"हिल्डा, थांब. माझी गाडी यातून काढ."

"काय? अरे, जिंकलास तू!"

"माहितीये. काढ. फिरत्या गाड्यांत घाल." फिरत्या गाड्यांच्या गटाला गुण नव्हते, फीत नव्हती, मिरवणुकीत सगळ्यात मागची जागा होती.

"मर्ल, वेड्यासारखं करू नकोस," आर्डिथ आतून म्हणाली. "दोन दिवसांनी तर तू बिजागऱ्या बदलणारच आहेस."

"नाही बदलता येणार. पट्टी लागली की दार कायमचं असंच ठेवायचं, नियम आहे. मी तुला सांगितलं नाही."

आर्डिथनं त्याच्याकडे मान वळवली. "चष्मेवाल्या," ती म्हणाली, "घरी गेल्यावर बोलते मी तुझ्याशी." पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं नव्हतं.

मर्लनं डिकीतून बिस्किटांचा डबा काढला. चांगल्या बिजागऱ्या घरी ठेवून यायला त्याचं मन धजावलं नव्हतं. तो गवतावर बसला आणि दाराचे स्क्रू काढू लागला. दार एका हातानं पेलवेना, तेव्हा वेंडेल पुढे झाला आणि त्यानं ते दोन्ही हातांनी तोलून धरलं.

"उपकार समजू नकोस," वेंडेल म्हणाला. "फीत मला मिळतेय, तेवढं तरी करावं माणसानं."

"जरा वर घे. वर म्हणजे वर, वेंडेल, उजवीकडे नव्हे."

हिल्डानं खालून गुडघा दिला. अर्धा-पाऊण तास ती तिघं एकमेकांवर खेकसत होती आणि आर्डिथ सरबताचा पेला घेऊन देखरेख करत होती. दार बसलं तेव्हा हिल्डा म्हणाली, "मी हे पाहिलं नाही." आणि निघून गेली.

मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे वेंडेल, निळी फीत आरशाला बांधलेली. सगळ्यात शेवटी टिडवेल नवराबायको. लाँगफर्डच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोक अंगणातल्या खुर्च्या मांडून बसले होते. मर्लला वाटलं होतं की आपल्याला वाईट वाटेल. पुढच्या गाड्या बघून थोडं वाटलंही. पण आर्डिथ शेजारी कोपर बाहेर काढून हात हलवत होती, ऊन उतरलं होतं आणि इंजिन सुरात होतं.

जुन्या कारखान्याच्या फाटकापाशी गाड्या जरा रेंगाळल्या. तिथे एक म्हातारी खुर्चीत बसली होती. तिनं मर्लच्या गाडीकडे पाहिलं, मान पुढे काढली, पुन्हा पाहिलं आणि काठी टेकत थेट रस्त्यावर आली.

"ए, थांबव गाडी!"

मर्लनं थांबवली. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाराच्या कडेवरून तिनं तळहात वरून खाली फिरवला, खालून वर फिरवला. मग दार उघडलं आणि लावलं.

"कुणी बसवलं हे?"

"मी," मर्ल म्हणाला. आता ही काय ऐकवते म्हणून त्यानं आधीच सांगून टाकलं, "कारखान्याचं नाही हे. कारखान्याचं असं नव्हतं, ठाऊक आहे मला."

"मला सांगतोस? मी लुएला ग्रूम. उजवी दारं मीच बसवायची या शेडमध्ये, मी आणि रॉय." तिचा हात दारावरच होता. "गुडघा मारायचा, दांडका घालायचा, शिट्टी झाली की पुढची गाडी. मुकादमाला मी किती वेळा म्हटलं, एक दिवस द्या, एकच दार नीट बसवू द्या. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात. तेवढ्यात कारखानाच बंद पडला. मग दर वर्षी तुम्ही लोक येता आणि माझ्या दाराला कमरेनं ढुशा मारून हसता."

क्लबातल्या सगळ्या ढुशा मर्लला एकदम आठवल्या, त्यातल्या अर्ध्या त्याच्याच होत्या.

"किती दिवस लागले तुला?" लुएलानं विचारलं.

"एक हिवाळा."

"हं. तेवढे लागायचेच." ती पुन्हा कडेवरून हात फिरवू लागली.

"तुम्ही कधी बसलाय का यात?" आर्डिथनं विचारलं.

"आम्ही? आम्हाला कोण बसवणार? गाडी तयार झाली की फाटकाबाहेर."

आर्डिथनं दार उघडलं आणि उतरली. "बसा," ती म्हणाली. "नदीपर्यंत जाऊन या. मी तुमच्या खुर्चीत बसते."

"अगं, पण मिरवणूक तुमची..."

"आम्ही शेवटचे आहोत, आमच्या मागे कुणी खोळंबलेलं नाही. बसा तुम्ही."

लुएलानं काठी आर्डिथच्या हातात दिली आणि हळूहळू, एकेक पाय उचलत, आत बसली. सीटवर नीट मागे टेकली. मग हात लांब करून दार तिनं स्वतःच ओढून घेतलं आणि ते लागल्यावरही मूठ सोडली नाही.

"चल," ती मर्लला म्हणाली. "सावकाश घे. रॉयच्या घरावरून घे. तो व्हरांड्यात बसलेला असतो, त्याला दाखवायचंय."